वाइन-वही, नोंद १५: चेनिननेही डोकं उठलं, संशय आता कांद्यावर

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की चेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन आपला पक्का कंट्रोल आहे, म्हणजे जिने डोकं उठणार नाही हे ठाऊक असलेली तुलनेची वाइन. साडूभाऊंचं डोकं लाल वाइनच्या एका पेल्याने उठतं, चेनिनने उठत नाही, सहा वेळा तपासलं. ते वाक्य आज मागे घेतो. मेअखेरच्या नवतप्याच्या पाचव्या दिवशी चेनिनच्या एकाच पेल्यावर पन्नास मिनिटांत त्यांचं डोकं उठलं. उजव्या कानशिलात ठणका सुरू झाला, मग कपाळभर पसरला. ते ओट्यावर जाऊन डोक्याला ओला दुपट्टा बांधून बसले आणि मला म्हणाले, "काहो साडूभाऊ, हे तं पांढरी होती ना? मंग काहून?"

त्या 'काहून'ने माझे दोन आठवडे खाल्ले. पेरणीची घाई असतानाही रोज रात्री वही उघडून बसतो आहे.

मोजमाप नेहमीचंच होतं. १२५ मिलि, काचेच्या मोजपात्राने. चेनिन १२ टक्क्यांची, म्हणजे पोटात गेलं जवळपास १२ ग्रॅम अल्कोहोल. ओतायचं काम हिच्याकडे. स्टीलचे पेले, कोणती वाइन ओतली ती चिठ्ठी डाळीच्या डब्यात. बाटली नोव्हेंबरात नागपूरहून आणलेली, फिरकीच्या झाकणाची. उन्हाळ्यात मी वाइन विकत घेतच नाही. तालुक्याच्या दुकानात बाटल्या काचेमागे उभ्या असतात आणि दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर येतं. तिथली कॅबर्ने ही लाल वाइन एकदा आणली, तर बूच वर सरकलेलं आणि वास शिजवलेल्या मनुक्यांचा. ज्यांना वर्षभराचा साठा करायचा असेल त्यांनी दिवाळी ते संक्रांत या काळात, एसी असलेल्या दुकानातून घ्यावा. आमच्याकडच्या उन्हात बुचापेक्षा फिरकीचं झाकण शंभर पटीने बरं, हे माझं मत कायम आहे.

साठवणीची एक आनंदाची बातमी मध्येच सांगून टाकतो. माजघरातल्या जुन्या रांजणात पूस नदीची रेती भरून, ती सकाळ-संध्याकाळ ओली करून बाटल्या आडव्या पुरल्या होत्या. बाहेर ४५ अंश असताना रेतीत थर्मामीटरने २६ दाखवले. महिनाभर २६ ते २८ च्या पलीकडे काटा गेला नाही. विजेचा खर्च शून्य. वाइनला हे आदर्श तापमान नव्हे, पण उन्हाळा निभावला. तेव्हा त्या रात्रीची बाटली खराब होती असं म्हणायला जागा नाही. मी स्वतः त्यातलीच प्यालो, पेरूचा वास स्वच्छ होता.

आता मूळ दुखण्याकडे येतो. नव्यांसाठी एक फरक पुन्हा सांगतो, कारण निरोपांत सगळे तो एकत्र कालवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड होणं वेगळं. ते जास्त प्यायल्याचं, पाणी कमी पडल्याचं, झोप मोडल्याचं. आपण ज्याच्या मागे आहोत ते एका पेल्यावर, अर्ध्या तासापासून तीन तासांच्या आत येणारं दुखणं. साडूभाऊंना दुसरा पेला लागतच नाही.

सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवायला घालतात ते गंधकाचं द्रव्य, त्याचं प्रकरण मी बंद करतो आहे. बाटलीवर 'सल्फाइट आहे' असं छापलेलं असतं म्हणून सगळे त्यालाच धरतात. मीही धरलं होतं, ते काढून टाकायला हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब मागवले होते, तो खर्च वाया गेला. साधं गणित बघा. पांढऱ्या वाइनमध्ये सल्फाइट सहसा लालपेक्षा जास्तच असतं. युरोपात कोरड्या लालला लिटरमागे १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पांढरीला २००. आणि डोकं मात्र जास्त लोकांचं लालने उठतं. शिवाय गंधक दिलेल्या केशरी जर्दाळूत किलोमागे हजार मिलिग्रॅमच्या वर सल्फाइट असू शकतं. साडूभाऊ नागपूरच्या इतवारीतले जर्दाळू मूठभर खातात, काही होत नाही. सल्फाइटचा खरा धोका दम्याच्या रुग्णांना, त्यांनी हा जर्दाळूचा प्रयोगही करू नये.

टॅनिन, म्हणजे लाल वाइन आणि चहा दोन्हींतलं तुरट द्रव्य, त्याचा संशय कोऱ्या चहाने सुटला. कडक कोरा चहा ते दिवसातून चारदा घेतात. हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत त्रास देणारं द्रव्य, लालमध्ये जास्त असतं हे खरं, आणि अल्कोहोल हिस्टामिन मोडणाऱ्या एंझाइमलाही अडवतं. पण जुनं चीज आणि काही आंबवलेले पदार्थ यांत ते भरपूर असतं आणि आमच्याकडे इडली-ढोकळ्याने कोणाचं डोकं उठलेलं नाही. दोघातिघांनी विचारलं की आधी ॲलर्जीची गोळी घेऊन बघू का. नका घेऊ. गोळीने झोप येते, वर अल्कोहोल, आणि गाडी चालवत घरी जायचं असतं. पॅरासिटामॉलही आधी घ्यायचं नाही, दोन्हींचा भार यकृतावरच पडतो. आणि मेट्रोनिडाझोल चालू असेल तर त्या आठवड्यात पेल्याला हात लावू नका. साडूभाऊंनी बीपी आणि डोळे दोन्ही तपासून घेतले आहेत, डॉक्टरांना वहीही दाखवली आहे.

उरला द्राक्षाच्या सालीतल्या क्वेर्सेटिन या द्रव्याचा संशय. नोंद ९ मध्ये लिहिलं होतं, तरी थोडक्यात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अँड्र्यू वॉटरहाउस आणि सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये मांडलेला तर्क असा: शरीरात अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग एएलडीएच-२ नावाचं एंझाइम त्याचा निकाल लावतं. द्राक्षाच्या सालीतलं क्वेर्सेटिन शरीरात बदलून क्वेर्सेटिन-ग्लुकुरोनाइड होतं आणि ते या एंझाइमची वाट अडवतं. ॲसिटाल्डिहाइड साचलं की चेहरा तापतो, मळमळतं, डोकं उठतं. दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी याच एंझाइमला अडवते. हे काम प्रयोगशाळेतल्या एंझाइमवरचं आहे, माणसांवरचं नाही, हे विसरायचं नाही. घडावर ऊन जास्त पडलं की सालीत क्वेर्सेटिन जास्त तयार होतं. लाल वाइन सालीसकट आंबते, पांढरीत साल आधीच बाजूला होते. म्हणून लालने दुखतं, पांढरीने नाही. सगळं चपखल बसत होतं. आणि मग चेनिनने डोकं उठवलं.

पहिले चार दिवस मी उन्हाला दोष दिला. त्या दिवशी साडूभाऊ दिवसभर पऱ्हाटीसाठी वखरणीवर होते, तापमान ४५, बांधावरची पाण्याची कॅन दुपारीच संपली होती. अल्कोहोल शरीरातलं पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दाबतं, लघवी वाढते. आधीच कोरडा पडलेला माणूस आणखी कोरडा होतो. डोकं दुखायला एवढं कारण पुरेसं आहे. मी तसं वहीत लिहूनही टाकलं.

मग ही म्हणाली, "त्या दिवशी जेवायले का होतं, आठवते का?"

आठवत नव्हतं. आणि वहीतही नव्हतं. चौदा रात्री. वाइनचं नाव, वर्ष, तापमान, मिलि, वेळ, दुखण्याची जागा, एवढे रकाने मी पाडले, पण जेवणाचा रकाना नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. दीड वर्षाचं काम, आणि ज्याच्यावर दारू रक्तात किती वेगाने उतरते ते ठरतं, तेच लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी जे कोणी अशी वही ठेवत असतील त्यांनी आज हा रकाना पाडा.

हिला मात्र तीन रात्री पक्क्या आठवतात, कारण रांधणारी ती. चेनिनच्या त्या रात्री ज्वारीची भाकर, झुणका, वरून हिरवी मिरची, आणि साडूभाऊंनी बुक्कीने फोडून खाल्लेले दोन मोठे लाल कांदे. मार्चमध्ये कॅबर्नेने डोकं उठलं नव्हतं, जी रात्र मी 'अपवाद' म्हणून चौकटीत टाकली होती, तेव्हा गोळाभात होता, वरून गरम तेलाची फोडणी, कांदा नावालाही नाही. आणि शिराझ या लाल वाइनची सगळ्यात वाईट रात्र म्हणजे पुन्हा झुणका-भाकर-कांदा.

लाल कांदा म्हणजे क्वेर्सेटिनचं कोठार! आपण रोज खातो त्यातल्या सगळ्यात श्रीमंत पदार्थांपैकी एक. एका वाइनच्या पेल्यापेक्षा एका कांद्यात ते कितीतरी जास्त. कांदा एरवी काही करत नाही, कारण अडवायला समोर ॲसिटाल्डिहाइडच नसतं. पण पेला आणि कांदा एकाच ताटावर आले तर? द्राक्षाच्या सालीचं काम झुणक्याशेजारचा कांदा करतो आहे का?

हे लिहितानाच हात थांबला, कारण दुसरी बाजूही तेवढीच जड आहे. गोळाभाताच्या रात्री पोट तेला-भाताने भरलेलं होतं, अल्कोहोल सावकाश उतरलं असणार. झुणक्याच्या रात्री पेला आधी आणि जेवण नंतर झालं. तेव्हा कांदा, ऊन, रिकामं पोट, तिन्ही एका दावणीला बांधलेले आहेत आणि ते सोडवल्याशिवाय काही म्हणता येत नाही.

रोझेचा, म्हणजे गुलाबी वाइनचा बेत आखला होता, साल थोडाच वेळ रसात राहते म्हणून मधला टप्पा. तो आता मागे. आधी कांदा. पांढऱ्या कांद्यात क्वेर्सेटिन जवळपास नसतंच, आणि आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं 'अकोला सफेद' हे पांढरं वाण आहेच. एका रात्री चेनिन आणि लाल कांदा, दुसऱ्या रात्री चेनिन आणि पांढरा. अडचण एवढीच की रंग दिसतो, आणि साडूभाऊ ही वही वाचतात. दोन दिवस मी त्यावरच अडून होतो. डोळ्यावर पट्टी बांधू का, अंधारात जेवू का, असलं काहीतरी मनात येत होतं.

हिने बेसन चाळता चाळता सोडवलं. "बारीक चिरून झुणक्यात घालतो. हयद पडली, बेसन पडलं, मंग कोन्ता लाल न कोन्ता पांढरा, मलेबी वयखू येनार नाई." परतल्याने क्वेर्सेटिन पुष्कळसं टिकतं, तेव्हा ही युक्ती चालायला हवी. दोन्ही कांदे २०० ग्रॅम तोलून, चिठ्ठी डाळीच्या डब्यात.

बाकी सगळं बांधून टाकतो आहे. संध्याकाळी पाचनंतर लिंबू-मीठ घातलेलं पाणी एक तांब्या, शेतावर गेलेले असोत वा नसोत. पेला जेवणाबरोबर, आधी नाही. पेल्याच्या जोडीला पाण्याचा पेला. १२५ मिलि, तासाभरात. दोन रात्रींत किमान आठवडा. प्रत्येक कांद्याच्या चार-चार रात्री, क्रम हिचा. साडूभाऊंनी मध्येच नको म्हटलं तर तिथेच थांबायचं, हा पहिला नियम.

वर्ध्याच्या मंडळींनी यायचं विचारलं आहे. जरूर या, पण इथेच बसू. तुमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, उरलेली बाटली कोणी सोबत नेणार नाही. कोणाकडे अकोला सफेद निघालं असेल तर पाच किलो लागतील, भाव सांगा.

मृगाचा पहिला पाऊस परवा पडला. पऱ्हाटीची टोबणी आटोपली की पुढच्या शनिवारी पहिली रात्र. जेवणाचा रकाना पाडला आहे, आणि तो हिच्याच अक्षरात भरला जाणार आहे.