आई काय करते, तिथनं सुरू करा

सिम्पल प्रेझेंट शिकवायचा म्हटलं की सगळ्या वर्कबुकात एकच माणूस भेटतो. तो सहाला उठतो, ब्रश करतो, दूध पितो, बसनं शाळेत जातो, संध्याकाळी गार्डनमध्ये खेळतो आणि नऊला गुड नाइट म्हणून झोपतो. हा माणूस कुठं राहतो देव जाणे, पण सोलापुरात नक्की राहत नाही, कारण त्याच्या अख्ख्या आठवड्यात पाणी कधी येतं याचं एकही वाक्य नसतं.

मी पूर्व भागात क्लास घेते, पाचवी ते आठवीची पोरं. निम्म्यांच्या घरात तेलुगू, काहींच्या कानडी, काहींच्या दखनी, आणि शाळेत मराठी. म्हणजे इंग्रजी यांची तिसरी नाहीतर चौथी भाषा, आणि तरी आपण म्हणतो पोरांना लँग्वेज जमत नाही! राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळं आठवीपर्यंत डेली रुटीनचा धडा यांनी बऱ्याचदा बघितलेला असतो. आय गेट अप, आय टेक बाथ, सगळं पाठ. आणि तिथंच गोम आहे. ‘आय’नं सुरू केलं की क्रियापदाला काहीच लागत नाही, दहापैकी दहा वाक्यं बरोबर येतात, मॅडम खूश, आईबाप खूश, आणि मग एकदा आईबद्दल लिही म्हटलं की ‘माय मदर गेट अप’. एस गायब.

म्हणून मी उलटं सुरू करते, ‘आय’ला पहिल्या आठवड्यात हात लावायचाच नाही. आधी आई.

यातही पोरं पहिल्यांदा पाठ केलेलंच वाक्य टाकतात, ‘माय मदर इज अ हाउसवाइफ’. आता त्या आईनं रात्री विडीची पानं भिजत घातलेली असतात, सकाळी सूप मांडीवर घेऊन बसलेली असते, आणि पोरगं बिनधास्त हाउसवाइफ लिहून मोकळं! मी काही बोलत नाही, फक्त विचारते, बरं मग ती दिवसभर काय करते? आणि मग क्रियापदं बाहेर यायला लागतात. शी सोक्स द लीव्ह्ज. शी कट्स देम. शी फिल्स द टोबॅको, शी रोल्स, शी टाइज द थ्रेड. शी टेक्स द विडीज टू द कारखाना. इंग्रजी शब्द सापडला नाही तर खुशाल कारखानाच म्हणा, एस कुठं लागतो ते महत्त्वाचं. पोरांना ही कामं हातासकट माहीत असतात, पान कापायला पत्रा कसा ठेवायचा ते बोटांनी करून दाखवतात, त्यामुळं डोकं फक्त वाक्यावर चालवायचं राहतं. वर्कबुकातला ब्रेकफास्ट आधी कल्पनेत करायचा आणि मग त्याचं इंग्रजी करायचं, असं दुहेरी ओझं इथं नसतं.

एक सातवीतली पोरगी आहे, वर्गात फार बोलत नाही. तिनं एकदा फाडकन सांगितलं, ‘द चेकर ऑलवेज रिजेक्ट्स सम’. चेकर म्हणजे कारखान्यात विड्या तपासणारा. ऑलवेज, युज्वली, समटाइम्स, नेव्हर हे शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील, ते क्रियापदाच्या आधी येतात आणि ‘इज’ असेल तर इजच्या नंतर, हे किती वेळा घोकून घेतलं असेल, पण त्या ऑलवेजमध्ये जो राग होता ना, त्यानं तो शब्द वर्गातल्या सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि जागेसकट राहिला. मग पुढचा अर्धा तास चेकरवरच गेला. ही नेव्हर स्माइल्स. ही इज ऑलवेज इन अ हरी. मी थांबवलं नाही.

बापांचं रुटीन तर वर्कबुकाला पारच उलटं करून टाकतं. यंत्रमागावर रात्रपाळी असेल तर सकाळी ‘ही गेट्स अप’ येतच नाही, ‘ही कम्स होम’ येतं, आणि ‘ही स्लीप्स’ दुपारी. एका पोरानं मला गंभीरपणे विचारलं, मॅडम, पहिलं वाक्य गेट अपचं नसलं तर मार्क कापतात का? कापत नाहीत रे बाबा. (काही ठिकाणी कापत असतील, पेपर तपासणाऱ्याचं आपण काय सांगावं.)

आता पाणी. पोरांना वाटतं सिम्पल प्रेझेंट म्हणजे ‘डेली’, प्रत्येक वाक्याच्या शेपटीला एव्हरी डे लावलंच पाहिजे. मग मी विचारते, नळाला पाणी रोज येतं का? सगळे हसतात. चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी रात्री, पण येण्याची रीत आहे ना, म्हणून ‘वॉटर कम्स’च. उजनी धरण भरलेलं असो नसो, वाक्यात फरक नाही. तसंच गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, वर्षातनं एकदा जानेवारीत संक्रांतीला भरतो, तरी ‘द गड्डा यात्रा टेक्स प्लेस इन जॅन्युअरी’. रोज, आठवड्याला, वर्षाला, अंतर कितीही असू दे, होत राहतं म्हणजे झालं. आणि टाइमटेबल. उद्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जायचंय, तरी ‘द हुतात्मा लीव्ह्ज ॲट सिक्स थर्टी टुमॉरो’ चालतं. उद्याचं वाक्य आणि प्रेझेंट कसा, यावर पोरं वाद घालतात, घालू द्यावा. गाडीची वेळ ठरलेली आहे, ती आपल्या मर्जीवर नाही, एवढं सांगितलं की पटतं.

चुका कुठून येतात हे बघितलं तर मजा आहे. मराठी घरातली पोरं ‘आय ॲम गेटिंग अप ॲट सिक्स डेली’ लिहितात, आपण ‘उठत असतो’ म्हणतो ना, तोच असतो तिकडं ॲम होऊन जातो. तेलुगू घरातली पोरं बऱ्याचदा ‘आय विल गेट अप ॲट सिक्स डेली’ लिहितात. पूर्वी मला वाटायचं कुणीतरी चुकीचं शिकवलंय. तसं नाही. तेलुगूत ‘लेस्तानु’ म्हणजे रोज उठतो पण आणि उद्या उठेन पण, एकाच रूपात दोन्ही कामं. पोरगं आपल्या भाषेत बरोबरच असतं, इंग्रजीत फक्त त्याला दोन डबे करायला लागतात. हे त्यालाच समजावून सांगितलं की विल आपोआप कमी होतो, नुसतं लाल पेनानं खोडून होत नाही.

ॲम-आयएनजीवर मात्र आपल्याकडं घरचं औषध आहे. पुण्या-मुंबईच्या मराठीत ‘येतो’ आणि ‘येतोय’ जवळजवळ सारखंच ऐकू येतं, पण सोलापूरकर ‘येऊलालो’ म्हणतो! कुणी तरी हसतं आपल्याला यावरनं, हसू दे. माझ्या वर्गात कसोटी एकच, वाक्य ‘लालो’त बसतंय का बघा. ‘काय करूलालास बे?’ ‘जेवूलालो.’ बसतंय, मग आय ॲम ईटिंग. ‘मी रोज सहाला उठूलालो’ असं सोलापुरात कुणी जन्मात म्हणेल का? नाही, मग आय गेट अप. ‘आई आत्ता विडी वळूलाली’, शी इज रोलिंग. ‘आई विडी वळते’, शी रोल्स. शाळेत या पोरांना शुद्ध बोला म्हणून टोकतात, आणि इथं त्याच बोलीमुळं काळ कळतो. मला तरी पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ही कसोटी जास्त कामाची वाटते.

उच्चारात मी फक्त एकाच गोष्टीचा हट्ट धरते, वॉशेस, वॉचेस, फेचेसमधला शेवटचा जास्तीचा तुकडा. बाकी स् आणि झ्चा फरक आपोआप जमतो, नाही जमला तरी कुणाचं अडत नाही.

‘पण हा एस हवाच कशाला?’ हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. खरं सांगू का, आता तसा त्याचा उपयोग काही नाही. जुन्या इंग्रजीत प्रत्येक पुरुषाला वेगळे प्रत्यय होते, आपल्या उठतो-उठतेस-उठतात सारखे. ते झिजत गेले आणि हा एक उरला. तोही उत्तरेकडच्या बोलीतनं आलेला, त्याच्या जागी आधी ‘एथ’ होतं, गोएथ, कमेथ. आणि इंग्लंडातच नॉरफकच्या बाजूला जुनी माणसं अजून ‘शी गो’ म्हणतात. हे सांगितल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पालक फार मागं लागले तर त्यांना मी रॉजर ब्राउनचं सांगते. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं इंग्रजीच बोलणाऱ्या तीन लहान मुलांचं बोलणं टिपून ठेवलं आणि १९७३ साली मांडलं की व्याकरणाच्या चौदा बारीक गोष्टींत हा एस बराच उशिरा येतो. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनाच उशिरा येतो तर आमच्या पोरांना दोन महिने द्या की.

दुसऱ्या आठवड्यात डझ. इथं ‘शी डझन्ट गोज’ हे ठरलेलं. मी सांगते, एस एकच मिळतो, तो डूनं घेतला की क्रियापदाला उरत नाही, भांडू नका. मग शेजारच्या घरातल्या कुणाचीतरी मुलाखत. व्हॉट टाइम डझ शी स्टार्ट वर्क? डझ शी वॉच टीव्ही? उत्तरं कुठल्याही भाषेत आणा, इंग्रजीत वर्गात करू. परवा एकजण शेजारच्या आज्जींकडं जाऊन आला, वहीत एकच वाक्य. ‘शी डझन्ट टेल.’ का रे, तर म्हणे पाणी आलं होतं, आज्जी म्हणाल्या जा, परवा ये.