तिसरा डबा संपला: दोन्ही बाजूंना छापा असलेला रुपया

मंडळी, तिसरा डबा काल रात्री संपला. वडिलांनी किराणा दुकान बंद केलं तेव्हा गल्ल्यातली जुनी मोड बिस्किटांच्या तीन पत्र्याच्या डब्यांत भरून माळ्यावर टाकली होती. दिवाळीच्या साफसफाईत डबे खाली आले आणि तेव्हापासून रोज जेवणं झाली की तासभर मी नाण्यांना बसतो. आजवर साधारण अडीच हजार नाणी भिंगाखालून गेली. त्यांतली टाकसाळीची चूक म्हणून छातीठोकपणे वेगळी ठेवता येतील अशी फक्त चार. पण त्यातलं एक असं आहे की सगळ्या रात्री भरून पावल्या.

ते सापडलं ते माझ्या हातून नव्हे. १९९२ ते २००४ या काळातले स्टीलचे रुपये मी सिंहाची बाजू वर करून रांगेत लावत होतो. लेक शेजारी बसून त्यातलंच एक उडवत छापा-काटा खेळत होती. तीन-चारदा उडवल्यावर म्हणाली, "बाबा, याला काटाच नाही." मला वाटलं, घासून गुळगुळीत झालं असेल. हातात घेतलं तर एका बाजूला नेहमीचा सिंह आणि दुसऱ्या बाजूलाही सिंहच, पण आत दबलेला, आरशात दिसावा तसा उलटा. 'भारत' ही अक्षरंसुद्धा उलटी आणि खोल. बाजारात याला लाखी म्हणतात. इतकी वर्षं फोटोत पाहत होतो, पहिल्यांदाच स्वतःच्या तळहातावर पाहिलं.

नव्यांसाठी सांगतो, हे घडतं कसं. कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये येते, दाब बसतो आणि तयार नाणं बाहेर ढकललं जातं. कधीतरी ते बाहेर पडत नाही, एका ठशाला चिकटून राहतं. पुढची चकती आली की तिच्या एका अंगावर ठसा बरोबर उमटतो, दुसऱ्या अंगावर मात्र ते चिकटलेलं नाणंच उमटतं. म्हणून आकृती उलटी आणि खोलगट. चिकटलेलं नाणं दर दाबाला पसरत जातं, त्यामुळे नंतरच्या नाण्यांवरची उलटी आकृती मोठी आणि पुसट होत जाते. माझ्या रुपयावरचे दोन्ही सिंह एकाच मापाचे आहेत आणि कडा स्वच्छ आहेत. म्हणजे आधीचं नाणं चिकटल्यावर लगेचच याची पाळी आली असणार.

आनंद आवरून तपासणी केली. दोन नाणी शिकंज्यात दाबून खोटी लाखी बनवणारे पुष्कळ आहेत. तशा नाण्यात दबलेल्या आकृतीखाली मूळ नक्षीचे अवशेष राहतात आणि पलीकडची बाजू चेपटते. माझ्या नाण्यात दहापटीच्या भिंगाखालीही त्या जागी '१' चा किंवा धान्याच्या कणसांचा मागमूस नाही, आणि सरळ बाजूचा सिंह खणखणीत आहे. वजन ४.८४ ग्रॅम भरलं (असायला हवं ४.८५), व्यास २५ मिलिमीटर, चुंबकाला लगेच चिकटतं. एक हुरहूर मात्र कायमची राहणार. साल आणि टाकसाळीची खूण असते काट्याच्या बाजूला, आणि इथे ती बाजूच नाही. त्यामुळे हा रुपया मुंबईचा की हैदराबादचा, १९९५ चा की २००२ चा, हे कधीच कळणार नाही.

बाकीच्यांत दोन पंचवीस पैसे आहेत, गेंड्याचे. छापा सरळ धरून वहीचं पान उलटावं तसं नाणं उलटलं की आपल्याकडच्या नाण्यांची दुसरी बाजूही सरळच यायला हवी. एकात गेंडा आडवा, जवळपास ९० अंशांत. दुसऱ्यात पार उताणा. पाच-दहा अंश कललेली नाणी तर ढिगानं निघाली, ती मी परत डब्यात टाकली. एवढ्याशा कलण्याला चूक म्हणून मिरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथं नाणं १९५७ चा एक नया पैसा, कडेला चंद्रकोरीसारखा चावा घेतलेला. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर सुरी पडली की असं होतं. पण कानस मारूनही असा चावा काढता येतो, म्हणून बरोबर समोरची किनार पाहावी. खऱ्या नाण्यात तिथली किनार पुसट असते, कारण चकतीची कड दाबून किनार उचलताना चाव्यापाशी आधारच नसतो. माझ्यात ती स्पष्ट पुसट आहे. फक्त हा पैसा मी पहिल्याच आठवड्यात चिंचेच्या कोळात घालून घासला होता. ब्राँझचा साठ वर्षांचा गडद रंग पाच मिनिटांत गेला आणि आता तो गुलाबी चकाकतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कळवळून सांगतो, नाणं काय आहे ते कळेपर्यंत त्याला पाणीसुद्धा लावू नका.

सुरुवातीला मी 'चूक' म्हणून जपून ठेवलेलं बरंच काही नंतर सोडून द्यावं लागलं. सालाखाली खूणच नाही म्हणून वीसेक नाणी बाजूला काढली होती, पण कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसतेच. मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. १९८५ च्या रुपयावर इंग्रजी 'एच' दिसला तेव्हा उडालोच होतो. ती बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीची खूण निघाली, त्या वर्षी नाणी बाहेरून पाडून घेतली होती. दहाच्या नाण्यावर रेषा दहा असल्या तर खरं की पंधरा, हा वादही सोडा. रिझर्व्ह बँकेनं २०१८ च्या जानेवारीतच सांगितलं होतं की तेव्हा दहाची चौदा प्रकारची नाणी चलनात होती. आणि एका मित्रानं विचारलं म्हणून लिहितो, शिवराईवर, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यावर, 'छत्रपति' मधली दोनच अक्षरं दिसणं ही चूक नव्हे. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि घाव हातोड्याचा, त्यामुळे पूर्ण अक्षरांची शिवराई मिळणं हेच विशेष.

मधली चकती निघालेलं दहाचं नाणं मात्र जपून घ्या. ती ठोकून काढता येते. कडं रिकामंच ठशाखाली गेलं असेल तर आतल्या कडेवर धातू थोडा वाहिलेला दिसतो. ठोकून काढलेल्यात तिथे ओरखडे असतात.

आता किमतीचं, कारण तेच सगळे विचारणार. गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात रुपया एका जाणत्या विक्रेत्याला दाखवला. त्यानं बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि दीड हजार देऊ केले. मी दिला नाही. घरात मात्र नातेवाइकांचे फोन सुरू झालेत, वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतात म्हणून. त्यांना मी एवढंच सांगतो की ती नाणी भरपूर पाडली गेली आहेत, आणि जुन्या नाण्यांच्या खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावानं आधी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा असं बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं.

लाखी कागदी होल्डरमध्ये घालून लेकीच्या नावानं वहीत नोंदवली आहे.

पुढचं काम पाचच्या जाड नाण्यांचं. कप्रोनिकेलची (तांबं आणि निकेलचं मिश्रण), नऊ ग्रॅमची, २३ मिलिमीटरची. सव्वाशे तोलून झाली, त्यातलं एक ८.१२ भरतंय. चुंबकाला लागत नाही. चकती पातळ पडली की नाणंच बनावट आहे, ते कडेच्या मधोमध फिरणाऱ्या खाचेवरून ठरेल. उद्या उजेडात कडेचे फोटो काढतो.