एअरग्लोमधल्या लहरी टिपताना

एअरग्लो म्हणजे वरच्या वातावरणातल्या हवेचा रात्रीचा अतिशय मंद उजेड; त्यात गुरुत्व लहरींचे पट्टे उमटतात आणि तेच कॅमेऱ्याने टिपायचे आहेत. आधी एक खुलासा: या गुरुत्व लहरींचा लायगो वेधशाळेने पकडलेल्या, अवकाशकालातल्या लहरींशी काडीचाही संबंध नाही. हवेचा थर वर ढकलला गेला की गुरुत्वाकर्षण त्याला खाली खेचतं आणि तो हेलकावे खाऊ लागतो, एवढंच.

हा उजेड देणारा हायड्रॉक्सिलचा (OH) थर सुमारे ८७ किमीवर असतो, ऑक्सिजनची ५५७.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा (म्हणजे त्या एकाच तरंगलांबीचा हिरवा उजेड) सुमारे ९६ किमीवर. सगळं आकाश एका चित्रात घेणारी फिशआय लेन्स, फिल्टर, थंड केलेला सीसीडी (कॅमेऱ्याचा प्रकाश टिपणारा सेन्सर) आणि चंद्र नसलेली रात्र, एवढं लागतंच. हायड्रॉक्सिलला रुंद पट्ट्याचा फिल्टर चालतो, म्हणून १५-२० सेकंदांत फ्रेम मिळते. हिरव्या रेषेला साधारण २ नॅनोमीटर रुंद पट्ट्याचा फिल्टर लावून दीड-दोन मिनिटं द्यावी लागतात. त्याहून फार ताणू नका, कारण या उंचीवर सर्वांत जलद लहरीचा आवर्तकाळ जेमतेम पाच मिनिटांचा असतो. नाहीतर लहरींचे पट्टे पुसले जातात.

खरी डोकेदुखी फिल्टरची. किरण तिरपे आले की तो ज्या तरंगलांबी आत सोडतो त्यांचा पट्टा निळ्याकडे सरकतो आणि चित्राच्या कडा विनाकारण अंधारतात. म्हणून टेलिसेंट्रिक मांडणी (किरण फिल्टरवर जवळपास सरळ पडतील अशी) हवी, फिल्टरचं तापमानही स्थिर हवं.

तरंगलांबी मोजण्याआधी तारे पुसा आणि चित्र सपाट नकाशावर उलगडा. पट्टा ताऱ्यांबरोबरच सरकतोय? मग ती आकाशगंगा.