मेड अप

काल रात्रीपासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. चिमू व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "काका, यू मेड दॅट अप ना?"

त्याआधी अर्धा तास तिचं तेच क्रियापद चाललेलं. मैत्रिणीशी भांडण झालेलं पण आता वी मेड अप, तापात बुडालेल्या पेपरची मेकअप टेस्ट शुक्रवारी, पुढे काय शिकायचं ते, हॅव्हन्ट मेड अप माय माइंड. मी हूं हूं करत होतो. मग मी बाबांची गोष्ट सांगितली. बांधून ठेवलेलं पान रात्री प्रेसमध्ये कोणाच्या तरी धक्क्याने पडलं, सगळे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, फरशीवर, आणि बाबांनी पहाटेपर्यंत नुसत्या आठवणीवर ते पुन्हा जुळवलं. त्यावर हे.

खरं सांगतो, आधी मला बाबांचाच अर्थ ऐकू आला. आमच्या घरात मेकअप म्हणजे पावडर-लिपस्टिक नाही, पान लावणं. जुळवलेल्या ओळी गॅलीवरून, म्हणजे त्या ठेवायच्या लांबट तबकावरून, उचलायच्या, पानाच्या मापात बसवायच्या, हेडिंग लावायचं, भोवती दोरा गुंडाळून घट्ट बांधायचं. अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी, तरी बाबा ती सरळ वाचावीत तशी वाचायचे. "आज चार पानांचा मेकअप केला" म्हणत जेवायला बसायचे, नखांत शाई तशीच.

मग तिचा अर्थ कळला आणि फार लागलं. म्हणजे मी खोटं बोललो? माझ्या बापाबद्दल? आता त्यांचं सांगायला मी एकटाच उरलोय आणि माझंच कोणी खरं मानत नाही, असं काय काय मनात येत राहिलं, झोप नाही.

पहाटे एकदम आठवलं, गॅलीप्रूफ. छापायच्या आधी जुळवलेल्या मजकुराचं कागदावर तपासायला प्रूफ काढायचेच की. म्हणजे मजकूर समोर असणार. मग "आठवणीवर" हे कुठून आलं? बाबा तसं म्हणाले होते, की इतकी वर्षं सांगता सांगता मीच घातलं?

मजकूर कमी पडला की बाबा ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायचे, लेड म्हणायचे त्याला. ओळी जरा सुट्या व्हायच्या, पान भरायचं, वाचणाऱ्याला कळायचंही नाही. मीही तसंच केलं असेल. खिळे पडलेले खरे, पहाटे घरी आलेले खरे, बोटं सुजलेली मी पाहिलीत. मधली पट्टी माझी असेल, असू दे. चिमूला हे सांगेन.

त्या रात्री ताई जागी होती, तिला नक्की माहीत असणार. पण घराच्या त्या कागदांनंतर आमचं... असो. आत्ता नंबर काढला, साडेनऊ वाजलेत, ती नऊलाच झोपते. उद्या सकाळी करतो.