पहिल्या नंबरच्या पानावर साका नव्हता

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा म्हणजे आंब्याच्या वेबसाइटचं काम हातात घ्यायला फार उशीर. मोहर येऊन गेलेला असतो, वाशी मार्केटला पहिल्या पेट्या पोचल्याच्या बातम्या यायला लागलेल्या असतात आणि मुंबई-पुण्याची मंडळी मोबाइलवर हापूसचे भाव शोधायला लागलेली असतात. नेमक्या त्याच आठवड्यात देवगड तालुक्यातल्या एका बागायतदारांचं काम आमच्या, म्हणजे वेबसाइट गूगलच्या निकालांत वर आणायचं काम करणाऱ्या, एजन्सीकडे आलं. त्यांचा प्रश्न एका वाक्याचा होता: "मॅडम, गूगलवर जो पहिला दिसतो तो आमच्या वर का, तेवढं सांगा." आणि लगेच पुढे, "त्या माणसाचं अख्ख्या तालुक्यात एक कलम नाही."

हे दुसरं वाक्य खरं की खोटं, हे मला आजही ठाऊक नाही. पण त्या दिवशी मी जे काही शोधलं, त्या सगळ्यावर त्या वाक्याची सावली होती.

स्पर्धकाचं विश्लेषण म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी आतली माहिती काढायची असते. तसं काही नसतं. सगळं उघड्यावर असतं. पानावर उजवं क्लिक करून सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, बघायचा, क्रॉलर, म्हणजे साइटची सगळी पानं वाचत जाणारं टूल, सोडून सगळ्या पानांचे टायटल, हेडिंग, कॅनॉनिकल (एकसारख्या पानांतलं मुख्य कोणतं, हे गूगलला सांगणारी खूण) आणि आतल्या लिंक एका तक्त्यात घ्यायच्या, आणि मग वाचत बसायचं. हे वाचत बसणंच खरं काम आहे आणि तेच आमच्या धंद्यात टाळलं जातं. आमच्या साहेबांचा भर एका टूलवर. ते टूल पहिल्या दहा पानांची सरासरी काढतं आणि सांगतं की शब्द इतके हवेत, "रसाळ" इतक्या वेळा हवा. शब्दसंख्या हा रँकिंगचा घटक नाही, हे गूगलची माणसं कितीतरी वेळा सांगून चुकली आहेत. मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेले शोधशब्द, आपण बघत नाही, हे तर त्यांनी २००९ सालीच जाहीर केलं होतं, तरी आमच्या रिपोर्टच्या साच्यात तो रकाना अजून आहे. सरासरी पान लिहिलं की ते सरासरी जागीच जाऊन बसतं, हे माझं मत मी मीटिंगमध्ये मांडत आले आहे आणि पुढेही मांडणार आहे.

तर मी वाचत बसले. पहिल्या नंबरचं ते पान खरोखर चांगलं बांधलेलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. टायटलमध्ये देवगड, हापूस, भाव आणि घरपोच, चारही गोष्टी, आणि तेही मोबाइलवर न तुटता. फळाच्या वजनाप्रमाणे डझनाचा दर साध्या तक्त्यात, अक्षरांत. आमच्या बागायतदारांचा दर मात्र एका चित्रात होता. व्हॉट्सॲपवर फिरवायला केलेलं पोस्टरच वेबसाइटवर चढवलेलं, फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं आणि चित्रात काय आहे ते सांगणारा ऑल्ट टेक्स्ट रिकामा. माणसाला दर दिसत होता, पण त्या पानाच्या मजकुरात कुठेही एक रुपया लिहिलेला नव्हता. होमपेजच्या टायटलमध्ये "होम". वर बागेचा व्हिडिओ, सुंदरच, पण इतका जड की मुख्य भाग दिसायला अडीच सेकंद हे गूगलचं चांगलं माप असताना इथे साध्या फोनवर माणूस कंटाळून परत जाईल. "देवगड हापूस", "अल्फान्सो" आणि "आंबा पेटी" अशी एकाच मालाची तीन पानं, तिघंही एकाच शोधासाठी एकमेकांच्या पायात पाय घालणारी. समोरच्याकडे एक डझन, दोन डझन, पाच डझन असे वेगळे पत्ते होते, पण सगळ्यांचं कॅनॉनिकल एका मुख्य पानाकडे. त्यांच्या आमरसाच्या पाककृतीतून त्या पानाकडे जाणाऱ्या लिंकवर "देवगड हापूस" असे शब्द होते. आमच्याकडे "इथे क्लिक करा".

ही सगळी दुरुस्ती दोन-तीन दिवसांची होती. पण एवढ्याने निकालांच्या पहिल्या पानावरचे ते आणि दुसऱ्या पानावरचे आम्ही, यातलं अंतर समजत नव्हतं. दुपारी मी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर दोन्ही साइटच्या जुन्या प्रती काढल्या आणि मग मला ते दिसलं. स्पर्धकाच्या पानाचा पत्ता वर्षानुवर्षं तोच होता. जूनमध्ये हंगाम संपला की पान जागेवरच राहायचं, फक्त दराच्या जागी "पुढच्या हंगामासाठी नाव नोंदवा" यायचं. आमच्या बागायतदारांचा मुलगा मात्र दरवर्षी पत्त्यात साल घालून नवं पान करायचा आणि माल संपला की ते काढून टाकायचा. हेतू प्रामाणिक होता: आंबा नाही तर पान कशाला, कोणी पैसे भरून बसेल. पण त्यामुळे एका वृत्तपत्राने आणि दोन-तीन खाद्यलेखकांनी दिलेल्या जुन्या लिंक "पान सापडत नाही" या भिंतीवर जाऊन आदळत होत्या आणि दर हंगामात त्यांचं पान शून्यातून सुरू होत होतं. दरवर्षी येणाऱ्या सेलसाठी पत्ता कायम एकच ठेवा, हे गूगलने दुकानदारांना सांगितलेलंच आहे. साहेबांचं टूल हे दाखवत नाही, कारण ते आजचं पान बघतं. हे सापडलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. कलमाची मशागत मोहर येण्याआधी करतात, आल्यावर नव्हे, एवढं त्या मुलाला सांगितल्यावर त्याला पुढचं काही समजावावं लागलं नाही.

मग आले तारे.

निकालांत स्पर्धकाच्या नावाखाली पिवळे तारे दिसत होते, ४.९, आणि पुढे हजारांतली परीक्षणं. सोर्समध्ये स्कीमा, म्हणजे पानावरची माहिती यंत्राला कळावी म्हणून लिहिलेला कोड, उघडला. तोच आकडा हापूसवर, तोच पायरीवर, तोच आंबापोळीवर. पानावर मात्र एकही परीक्षण नाही. वर नाही, खाली नाही, कुठल्या टॅबमागेही नाही. गूगलचा नियम स्पष्ट आहे: स्कीमात जे लिहाल ते वाचणाऱ्याला पानावर दिसलं पाहिजे. इथे आकडा फक्त यंत्राला सांगितलेला होता.

आमच्या बागायतदारांकडे खरी परीक्षणं होती. गूगल मॅप्सवरच्या त्यांच्या नोंदीखाली गिऱ्हाइकांनी नावानिशी लिहिलेली, फोटोंसकट. पण दुसऱ्या साइटवरची परीक्षणं उचलून आपल्या स्कीमात घालायची नाहीत, हाही नियमच आहे. म्हणजे ज्याच्याकडे खरं होतं त्याला तारे नाहीत आणि ज्याच्या पानावर काही नव्हतं त्याला आहेत. सहकाऱ्याचं म्हणणं, "सगळेच लावतात, आपणही लावू, हंगाम तीन महिन्यांचा." हे वाक्य मी या धंद्यात फार ऐकलं आहे आणि मला त्याचा संताप येतो. नियम मोडल्यावर मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गूगलच्या माणसांनी केलेली कारवाई, आली तर ती गिऱ्हाइकाच्या साइटवर येते, एजन्सीच्या नव्हे. मी नाही म्हटलं. साहेबांनी फार ताणलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

संध्याकाळी बागायतदारांशी फोनवर बोलले. पानावर काय लिहायचं, हा प्रश्न होता. "कार्बाइडमुक्त, नैसर्गिक, अस्सल" हे पहिल्या दहाही पानांवर होतं. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदीच आहे, त्यामुळे कायदा पाळतो एवढंच त्यातून कळतं. मी विचारलं, हंगामात फोन कोण घेतं? "आमची मंडळी," ते म्हणाले आणि फोन वहिनींकडे दिला.

इतकं नेमकं कीवर्ड रिसर्च मला कुठल्याही टूलने दिलेलं नाही. वहिनींनी धडाधड सांगितलं: फळ हिरवं आलंय, फसवलंत का? पेटीतलं गवत काढून टाकू का? फ्रिजमध्ये ठेवू का? सुरकुत्या पडल्या, खराब झालं का? आणि सगळ्यांत जास्त: वरून छान होता, कापला तर आत पांढरा, आंबट, स्पंजासारखा निघाला. म्हणजे साका. तो बाहेरून ओळखता येत नाही. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं, जमिनीची धग लागली की त्याचं प्रमाण वाढतं. वहिनी फोटो मागवतात आणि तेवढी फळं पुढच्या पेटीत भरून देतात. वर्षानुवर्षांची पद्धत. वेबसाइटवर त्याची एक ओळ नव्हती.

मी पहिली दहाही पानं पुन्हा शोधली. "साका" हा शब्द एकाही पानावर नव्हता. आंबा विकणाऱ्या दहा जणांनी आंब्याच्या सर्वांत मोठ्या तक्रारीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

बागायतदारांना ते पटेना. "आपल्याच मालाची खोड आपणच का सांगायची?" त्यांची भीती मला समजत होती. समोर तारे, आणि आम्ही म्हणणार की फळ आत खराब निघू शकतं. वहिनींनी मागून सांगितलं, "फोनवर सांगतोच ना आपण, मग लिहायला काय?" तिथे ते ठरलं.

पान एकच केलं, पत्त्यातून साल काढलं, जुने सगळे पत्ते त्याच्याकडे वळवले. दर अक्षरांत लिहिला. अढीत फळं कशी लावतात याचे त्यांच्याच माचावरचे फोटो. भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्याचं त्यांचं प्रमाणपत्र घरी फाइलमध्ये पडून होतं, त्याचा क्रमांक पानावर आणला. २०१८ साली हापूसला हे मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, हेही तिथे लिहिलं, कारण "फक्त देवगडलाच मानांकन" असं खोटं वाक्य दोन स्पर्धकांनी छापलं होतं. आणि साक्यावर वेगळा परिच्छेद, वहिनींच्या शब्दांत. प्रश्नोत्तरांना स्कीमा लावायचा साहेबांचा आग्रह होता. प्रश्नोत्तरं निकालांतच दिसण्याची ती सोय ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने सरकारी आणि आरोग्यविषयक नामांकित साइटपुरतीच ठेवली होती, हे दाखवल्यावर तो मागे पडला.

एप्रिलच्या मध्यापर्यंत आमचं पान निकालांच्या दुसऱ्या पानावरून पहिल्यावर आलं, खालच्या अर्ध्यात. विक्री वाढली, बागायतदार समाधानी आहेत. पण कोणत्या शोधांतून लोक साइटवर येतात ते दाखवणारा गूगलचा सर्च कन्सोल उघडला की मी एका आकड्यापाशी थांबते. आत पांढरा निघालेला हापूस, आंबा आतून खराब का, रोमन लिपीत टाइप केलेला साका, अशा शोधांत आमचं पान सगळ्यांत वर आहे. हे शोधणारे लोक कोण? ज्यांनी आधीच दुसऱ्याकडून पेटी घेतली आहे ते. ते वाचतात, खाली दिलेल्या नंबरवर फोन करतात, आणि वहिनी त्यांना सांगतात की विक्रेत्याला फोटो पाठवा, पुढची फळं अशी ठेवा. ऑर्डर यातून क्वचित येते. साहेबांनी रिपोर्टमध्ये या क्लिकना "अनुपयोगी ट्रॅफिक" असं लिहायला सांगितलं. मी तो शब्द घातला नाही, पण त्याच्या जागी कोणता घालायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढच्या वर्षी यातले किती जण थेट बागेतून मागवतात, हे कोणत्याही टूलमधून मला वेगळं काढता येणार नाही. वहिनी मात्र फोन घेताना "आमच्याबद्दल कुठे वाचलंत?" हे विचारून वहीत लिहायला लागल्या आहेत.

ताऱ्यांची तक्रार मी गूगलच्या फॉर्मवर केली. तिथे उत्तर येत नसतं. समोरच्यांचे तारे हंगाम संपेपर्यंत तसेच होते आणि पहिला नंबरही. जूनमध्ये त्या मुलाचा फोन आला, "ताई, माल संपला, पान काढू का?" मी म्हटलं, पान राहू दे, दराच्या जागी नावनोंदणी टाक. आणि साक्याचा परिच्छेद अजिबात हलवू नकोस, शोध अजून येतायत.