सहा इंची आरसा: कड आली एकदाची!

दुर्बिणीसाठी घरीच आरसा घासतोय. काल रात्री फोकोवर (आरशाचा आकार तपासायचं दिवा-सुरीचं साधन) बसलो, सुरी प्रकाशात आत सरकवली आणि आरशाच्या दोन्ही कडांना तो उजेडाचा बारीक केस दिसला, म्हणजे कड उतरलेली नाही. दोन्ही!! डावीकडचा होताच, उजवीकडचा गेल्या दिवाळीपासून गायब होता. आईला उठवून दाखवलं, ती म्हणाली, "काय दिसालंय की काय की, झोप आता." असो.

या एफ/8 (फोकल लांबी व्यासाच्या आठपट) आरशाच्या टीडीईचं, म्हणजे उतरलेल्या कडेचं रडगाणं मागच्या वेळी वाचलंच असेल. मधला भाग मस्त गोल आणि शेवटचे तीन-चार मिलिमीटर उतरलेले. बऱ्याच जणांनी सांगितलं, काळ्या कागदाची रिंग लाव, कड झाक आणि मोकळा हो, साडेपाच इंच तर साडेपाच. सल्ला चुकीचा नाही, शनी तेवढ्यातही दिसतोच. पण 80 नंबरच्या जाड कार्बोरंडम पुडीपासून घासत आणलेली काच कागदाखाली झाकायची म्हणजे जिवावर येतं राव.

मग घासायचे स्ट्रोक आखूड केले, लॅप (डांबरासारख्या पिचची पॉलिश करायची चकती) पाव इंच लहान कापला, तासतासभर कोल्ड प्रेस (लॅप न तापवता आरशाशी दाबून ठेवणं), बोटं कडेपासून आत. जरा फरक पडायचा आणि पुढच्या बैठकीला कड परत खाली. शेवटी उत्तर दिलं ते वळवाने. आमची वरची खोली पत्र्याची, एप्रिलमध्ये दुपारी काय तापते विचारू नका, त्यात त्या दिवशी चारला ढग आले, गारा पडल्या, हवा एकदम गार झाली म्हणून संध्याकाळी घासायला बसलो तर हाताला ओढच वेगळी लागली. लॅपच्या खाचा बुजल्या नाहीत. फोकोत कड किंचित वर! म्हणजे सगळा घोळ पिचचा. उन्हाळ्यात ते काकवीसारखं पसरतं, आरशाच्या कडेशी फुगून वर येतं आणि तीच कड खात बसतं.

ऑनलाइन आलेल्या पिचच्या डब्यावर ग्रेडच नाही. फोन केला तर "मीडियम आहे सर". अहो, कुठल्या तापमानाला मीडियम? बेळगावच्या जानेवारीत की एप्रिलमध्ये?

राळ घालून कडक करायचं ठरवलं. शहापुरात ओळखीचे एक सोनारकाका आहेत, उठावाच्या कामाला राळ लागते त्यांना. "काय करालास रे ह्याचं?" म्हटलं आरसा. "चांदीचा?" काचेचा, तारे बघायला. काकांनी पैसेच घेतले नाहीत, आरसा झाला की दाखवायला आण म्हणाले.

अंगणात मंद आचेवर पिच वितळवायचं, थोडी राळ घालून ढवळायचं, चमचाभर साध्या पाण्यात सोडायचं आणि पार निवलं की अंगठ्याचं नख दाबायचं. खूण सावकाश उमटली पाहिजे. ठिकरी उडाली तर राळ जास्त. माझी उडाली, मग आच बंद करून जरासं टर्पेंटाइन. नवा लॅप ओतला, आखूड स्ट्रोक तेच ठेवले, सेरियम (पॉलिशची पूड) खडेबाजारातल्या चष्मेवाल्याकडचंच (महागड्या पाकिटातल्यापेक्षा हेच बरं, माझं मत) आणि कड हळूहळू वर येत गेली.

आता गोल आकाराचा पॅराबोला करायचा. आरओसी (वक्रतेची त्रिज्या) 96 इंच, माझ्या फोकोचा दिवा स्थिर, म्हणजे मधल्या भागापासून कडेपर्यंत सुरी 2.4 मिलिमीटर सरकायला हवी. सध्या शून्य, पक्का गोल. पावसाआधी उरकायचं असं डोक्यात होतं, पण लिहिता लिहिता वाटायलंय, घाई कशाला? जुलैत इथं दिवस-रात्र हवा जवळपास सारखीच गार, आभाळ तर तसंही बंद. फिगरिंगला (आरशाला शेवटचा नेमका आकार द्यायला) त्याच्याइतका चांगला महिना नाही. हा कडक लॅप तेव्हा जास्तच कडक पडेल, म्हणून पावसाळ्यासाठी दुसरा मऊ लॅप ओततो, जुनं पिच टाकलेलं नाहीच. आणि प्लायवुडचं काम आत्ताच काढतो, पावसात प्लाय फुगतो. रॉकर बॉक्स (दुर्बिणीची खालची बैठक) या रविवारपासून.

शनीची कडी 2025 मध्ये अगदी आडवी झाली होती, आता परत उघडायलीत. ऑक्टोबरात जांबोटीकडं नेऊन त्यावरच पहिला प्रकाश घ्यायचाय, म्हणजे नव्या दुर्बिणीतून पहिल्यांदा तेच बघायचंय. तर मंडळी, एकटादुकटा सहा इंची आरसा अॅल्युमिनियम कोटिंगला घेणारं कोण माहितीय का? मी विचारलं तिथं दहाचा लॉट आणा म्हणाले.