देव्हाऱ्यातली दाटी

घरात देव्हारा मांडायचा म्हणजे काय काय आणायचं, याची यादी कुणीही देतं. काय आणायचं नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये खरी अडचण तीच.

देवांची जागा ईशान्येला, असं म्हणतात. आमच्या ईशान्येला बिल्डरने वॉशिंग मशीनचा नळ काढून ठेवलाय. त्यामुळे आमचे देव स्वयंपाकघरात, मसाल्याच्या कपाटाला लागून. हिंगाच्या फोडणीचा पहिला वास त्यांनाच जातो. त्यांची तक्रार नाही.

लग्नात माहेरून आलेले बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, सासरच्या कुलदैवतांचे चांदीचे टाक, ही मंडळी हक्काची. बाकीचे येतच राहतात. वास्तुशांतीला मिळालेला गणपती, शिर्डीची तसबीर, कुणीतरी काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू. देवाला ‘नको’ कसं म्हणणार? मग तसबिरीची काच तडकते आणि ती एखाद्या पिंपळाच्या बुंध्याशी टेकवून येतात लोक. घराबाहेर तर काढायचं, पण टाकलं असं व्हायला नको.

जुन्या लोकांनी हा प्रश्न पंचायतनात फार हुशारीने सोडवला होता. विष्णूसाठी गंडकीतला शाळीग्राम, शंकरासाठी नर्मदेतला बाण, गणपतीसाठी शोण नदीतला तांबडा शोणभद्र, सूर्यासाठी स्फटिक, देवीसाठी सुवर्णमुखी नदीतला धातूचा खडा. पाच देव आणि सगळे मिळून एका ताम्हणात. ज्याची भक्ती जास्त तो मधे. त्यातला शाळीग्राम तर मुळात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री जीवाचा जीवाश्म. आतली वळी बोटाला लागतात. त्याच्यापुढे आमच्या सागवानी देव्हाऱ्याने जुनेपणाचा तोरा काय मिरवायचा!

तुळशीबागेत गेलं की मात्र असले विचार टिकत नाहीत. मधे पेशवाईतलं राममंदिर आणि भोवती बाळकृष्णाचे मोत्यांचे मुकुट, झोपाळे, बोटाएवढे लोड-तक्के. फुलवाती घ्यायला गेलेली बाई मखमली आसन घेऊन घरी येते. मी त्यापेक्षा कसब्यात तांबट आळीत जाईन म्हणते. मठारकामाचं, म्हणजे हातोडीचे ठोके उमटवलेलं, तांब्याचं ताम्हण एकदाच घ्यावं, ठोक्याठोक्यात निरांजनाचा उजेड धरतं ते. पाठीमागून दिवे लावलेल्या त्या पांढऱ्या शोभिवंत देव्हाऱ्यांना हे जमत नाही. काजळी धरेल म्हणून तिथे निरांजनच लावत नाहीत!

माझा हिशेब सोपा आहे : जेवढे घासायला जमतील तेवढेच देव. बाळकृष्ण घासायला बसा म्हणजे कळतं. रांगत्या गुडघ्यामागे आणि लोण्याच्या गोळ्याभोवती गंध साचून हिरवट पुट चढतं. पितांबरी तिथवर पोचत नाही, जुना टूथब्रशच लागतो. आमच्या बाळकृष्णाचं नाक आईच्या आणि आजीच्या हातून चिंचेने घासून घासून जवळजवळ सपाट झालंय. नव्या मूर्तीच्या रेखीव नाकापेक्षा मला तेच ओळखीचं वाटतं.

सासूबाईंना हा हिशेब मुळीच मान्य नाही. “देव का मोजून ठेवायचे असतात?” म्हणतात. परवा गाणगापूरहून येताना त्यांनी दत्ताच्या पितळी पादुका आणल्या. भोवती वेलबुट्टी आहे. चांगली बारीक आहे.